सोळा मोजायचे, एक मारायचा

मावशी आधी तुमचं मनगट धरायच्या. डोळे मिटायच्या. आणि मग दुसऱ्या हाताच्या बोटांनी तुमच्याच पंजावर तुमची नाडी वाजवून दाखवायच्या. वाजवून झाली की निकाल. "पळतोयस. जरा ठाय लयीत ये." किंवा, "मधेच एक मात्रा खातोस. घरात भांडून आलास का?" माझं मनगट त्यांनी पहिल्यांदा धरलं तेव्हा मिनिटभर ऐकून म्हणाल्या, "तुझी नाडीसुद्धा फेकते रे."

आता मी पडलो सुताचा दलाल. सुताचा दलाल खरं बोलायला लागला तर भिवंडीतले निम्मे लूम संध्याकाळपर्यंत बंद पडतील आणि उरलेल्या निम्म्यांचे मालक त्याला शोधायला निघतील. तेव्हा मी पुढे जे सांगणार आहे त्यातला चार आणे मसाला माझा, असं तुम्ही धरूनच चाला. मावशी मात्र सोळा आणे खऱ्या.

त्या डॉक्टर होत्या का, असं विचाराल. छे. सरकारी दवाखान्याच्या ड्रेसिंगरूममध्ये तीस वर्षं कामाला होत्या. तिथे लादी पुसणाऱ्या, बोळे उचलणाऱ्या, किंचाळणाऱ्या पेशंटला धरून ठेवणाऱ्या प्रत्येक बाईला मावशीच म्हणतात. रिटायर होताना लोक घड्याळ घेऊन घरी येतात, या नाव घेऊन आल्या. आमच्या इमारतीत त्यांचं खरं नाव फक्त लाइटबिलाला माहीत होतं. आणि "मी तीस वर्षं ड्रेसिंगला होते" हे एक वाक्य टाकलं की चार मजल्यांवर कोणाची पुढे बोलायची छाती नव्हती. एकदा नाक्यावरच्या एमबीबीएसने लिहून दिलेलं औषध आमच्या इमारतीतल्या जुबेदा खालाने आधी मावशींना दाखवलं. मावशींनी चिठ्ठी उलटी-सुलटी करून "घे" म्हटलं, तेव्हा कुठे त्या बिचाऱ्या डॉक्टरचं शिक्षण पूर्ण झालं.

खोट एकच. मावशींकडे चहा मिळायचा तो अर्धा कप. कोणीही येवो, दिवाळी असो की जयंती, चहा अर्धा. आम्ही त्याला 'ड्रेसिंगरूमचा डोस' म्हणायचो. मी तर बाजारभर सांगून टाकलं होतं की मावशींच्या कपांना मध्येच बूड आहे.

आमची इमारत सांगतो. वर चार मजले माणसं, तळाला कापड विणणारे चोवीस लूम. आता लूम म्हणजे काय हे ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांना सांगून उपयोग नाही, आणि ज्यांनी ऐकलंय त्यांना सांगितलेलं ऐकू येत नाही. आमच्याकडे नवरा-बायको भांडतात ते हातवारे करून. लाइट गेली की लूम थांबतात, आणि त्या शांततेने दचकून आख्खी गल्ली जागी होते, तान्ही पोरं रडायला लागतात. फक्त शुक्रवारी लूमला सुट्टी. त्या दिवशी आम्हाला कळतं की शेजाऱ्याला खोकला आहे.

अशा इमारतीत मावशींच्या ढोलकीची तक्रार झाली.

ढोलकी मावशींना माहेरून आली होती. माहेर अकलोलीकडचं. वडील गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे आणि पोरीला मांडीवर बसवून तिची बोटं आपल्या बोटांवर ठेवायचे. पुढे महिला मंडळाची ढोलकी म्हणजे मावशी. वडप्याच्या नाक्यावर एका जयंतीच्या मिरवणुकीत त्यांनी असा काही ठेका लावला की हायवेला अडकलेले कंटेनरवाले चिडून हॉर्न मारत होते ते तालात मारायला लागले. एक ट्रेलर तर समेवर पुढे सरकला. मी स्वतः पाहिलंय. चार आणे मसाल्याचं मघाशी बोललोच.

तर रिटायर झाल्यावर मावशी दुपारी घरात जरा ढोलकी काढायच्या. आणि आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी दुपारी झोपायचा. या सेक्रेटरीला देवाने हात दिलेत ते फक्त नोटीस चिकटवायला. फळ्यावर नोटीस लागली: 'दुपारी दोन ते चार, तसेच इतर सर्व वेळी, इमारतीत वाद्यवादनास सक्त मनाई.'

मी त्याला जिन्यात गाठला. "साहेब, खाली चोवीस लूम धडधडतायत, तुम्हाला त्यात झोप लागते. आणि एका ढोलकीने मोडते?"

"लूमचा आवाज धंद्याचा आहे," तो म्हणाला. "ढोलकीचा आवाज म्हणजे नुसता आवाज."

असं उत्तर ऐकलं की वाटतं, हा माणूस दिल्लीला हवा होता, आमच्याकडे वाया गेला.

मला वाटलं, आता मावशी याची पट्टी बांधणार. ड्रेसिंगरूममध्ये दारू पिऊन राडा करणाऱ्यांना एका हाताने खुर्चीत बसवणारी बाई ती. पण त्यांनी नोटीस वाचली, "बरं" म्हणाल्या, ढोलकी जुन्या चादरीत बांधली आणि माळ्यावर चढवली. एवढंच. मला चुकल्यासारखं वाटलं खरं. पण मी तेव्हा सेक्रेटरीला घालायच्या शिव्या जुळवण्यात गुंतलो होतो.

महिन्याभराने मी त्यांच्याकडे साखर मागायला गेलो. जाळीच्या दारातून बघतो तर मावशी पलंगावर मांडी घालून बसलेल्या. कानांवर वाटीएवढे काळे हेडफोन. पुढ्यात शाळेच्या पाटीएवढी चपटी पेटी, तिच्यावर रबराचे सोळा चौकोन. बोट लागलं की चौकोन पेटायचा, निळा, हिरवा, जांभळा. आवाज शून्य. आणि चेहरा असा, की त्या खोलीत नव्हत्याच.

"मावशी, शेअरबाजार का?" मी ओरडलो.

त्यांनी डोळे उघडले आणि त्यांचा रंग उडाला. माझं तोंड बघून आजवर कोणी घाबरलेलं नाही. माझ्या मागे सेक्रेटरी उभा होता, मेंटेनन्सची पावती घेऊन.

"हे काय वाजतंय?" सेक्रेटरी म्हणाला.

"वाजतंय कुठे?" मी म्हणालो.

"मग आहे काय हे?"

मावशींनी हेडफोन गळ्यात उतरवले, डॉक्टर छाती तपासायची नळी उतरवतात तसे, आणि ड्रेसिंगरूमच्या आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर बोलले. बोटांचा व्यायाम. सगळ्या नसा बोटांच्या टोकाला येऊन थांबतात. इथं ठोकलं की मोकळ्या होतात."

सेक्रेटरीने स्वतःची बोटं वळवून बघितली. पावती दिली. गेला.

माझं म्हणाल तर मी विश्वास ठेवला. आयुष्यभर लोकांना गंडवणारा माणूस स्वतः किती सहज गंडतो, याचा अभ्यास कोणी करत नाही.

संध्याकाळपर्यंत ही बातमी चार मजले फिरली. दुसऱ्या दिवशी सकाळी जुबेदा खाला दारात. खालचे चोवीस लूम तिच्या नवऱ्याचे, गुडघेदुखी तिची स्वतःची.

"मावशी, ते नसांचं मशीन आणलंय म्हणे? माझ्या गुडघ्याला चालेल का?"

मावशी अडकल्या. नाही म्हणावं तर खोटं उघडं पडतं. त्यांनी खालाचा हात धरला, डोळे मिटले, नाडी ऐकली. "तुझं वजनदार चालतं ग. डावा अंगठा वापर. हा खालचा कोपऱ्यातला चौकोन. असा. थांबून थांबून. घाई न्हाय करायची."

"आवाज नाही आला."

"आवाजाने नसा घाबरतात," मावशी म्हणाल्या आणि हेडफोन स्वतःच्या कानाला लावले. "तो मी ऐकते. तू ठोक."

मग सुनंदाताई आल्या. मूळच्या वडप्याच्या. शेतावर गोडाऊन उभं राहिल्यापासून काम उरलं नाही, साखर वाढली. "मावशी, मना शुगर हाय. मना कोनचं बोट?" त्यांना वरच्या रांगेतला कडेचा चौकोन मिळाला, चटकन मारून सोडायचा. मग तिसऱ्या मजल्यावरची भाभी. ती घरी बसून कापडावरचे धागे कापायचं काम घ्यायची, कात्रीने मनगट धरलेलं. "मौसी, मेरा भी कुछ करो ना." भाभीची बोटं मुळात कात्रीपेक्षा चपळ. तिला मधल्या चार चौकोनांवर अशी भराभर नक्षी काढायला दिली की बघणाऱ्याचे डोळे दुखायला लागले.

घरचा अभ्यास प्रत्येकीला वेगळा. डबा, ताट, ओटा, मिळेल त्यावर, सकाळी दहा वाजता, पंधरा मिनिटं. फक्त शुक्रवारी बंद. "शुक्रवारी नसांना पण सुट्टी," मावशी म्हणायच्या. आणि एक ताकीद दाराशीच: "गोळ्या चालू ठेवायच्या. जी गोळी बंद करेल तिला मी मशीनला हात लावू देनार न्हाय."

गुण आला की नाही विचारता? सुनंदाताईंची साखर इतकी उतरली की त्यांना चहात घालायला माझ्याकडून न्यावी लागली. खाला जिना चढायला लागली, उतरायचं अजून बाकी होतं. त्या दोघी आणि भाभी, ज्या वर्षानुवर्षं एकमेकींशी फक्त पाण्यावरून बोलल्या होत्या, आता जिन्यात थांबून एकमेकींची बोटं बघू लागल्या. डॉक्टरही एवढा वेळ कुठे देतो? मावशी प्रत्येकीचा हात धरून डोळे मिटून ऐकायच्या. निम्मं दुखणं तर तिथेच लाजून निघून जात असेल.

मला आपला संशय आला तो आवाजाचा. मावशी एवढं काय ऐकतात? एकदा त्या एकट्याच ठोकत बसल्या असताना मी मागून जाऊन हेडफोन ओढला आणि माझ्या कानाला लावला.

कानात ढोलकी वाजली. बाबांनो, शाई लावलेली, चामड्याची, खणखणीत ढोलकी.

मावशींनी मनगट धरलं माझं. या वेळी नाडीसाठी नाही. "कोणाला बोललास तर बघ."

मग सांगितलं. मुलगी कशेळीला गोडाऊनच्या ऑफिसात आहे. खोका फाटलेला माल तिथे स्टाफला स्वस्तात देतात, त्यातून तिने ही पेटी आणली. ज्यांच्या घरात वाद्याला जागा नाही आणि शेजाऱ्यांत वाद्याला मान नाही, अशा घरगुती कलाकारांसाठीच ती बनवतात. आत ढोलकी, तबला, हलगी, सगळं भरलेलं. चार्ज करा, पिशवीत घाला, कुठेही बसा. जगाला रबर ऐकू येतं, तुम्हाला ढोलकी.

"मग सरळ सांगा ना सगळ्यांना."

"सांगू? नोटीस वाचलीस ना? वाद्याला मनाई. हे वाद्य हाय कळलं तर हे पन जाईल." त्या पेटीवरून हात फिरवत राहिल्या. "आणि दुसरं. तीस वर्षांत मी कोणाला खोटी पट्टी बांधली न्हाय रे. आता आख्ख्या बिल्डिंगला बांधतेय. ते कळलं तर मावशी म्हणून कोण हाक मारेल मला? पण ढोलकी माळ्यावर गेली, मी गप्प बसले. हे गेलं तर माझ्या हातात कुकर राहील फक्त."

मी शब्द दिला. माझ्या शब्दाची किंमत त्यांना माहीत होती, म्हणून त्यांनी वर कुलूपही घातलं. "तुला पन व्यायाम देते. सोळा मोजायचे मनात. सोळा झाले की एक मारायचा. जोरात. मग परत सोळा."

"एवढंच? भाभीला नक्षी आणि मला एक ठोसा? माझा आजार कोणता?"

"तोंडाचा. मोजताना माणसाला बोलता येत न्हाय."

खरंच येत नाही. करून बघा. बाजारात पार्टी भाव पाडत होती तेव्हा मी बोटांवर सोळा मोजत गप्प उभा राहिलो. समोरचा घाबरला आणि त्यानेच भाव वाढवला. वीस वर्षांच्या दलालीत मला हे कोणी शिकवलं नव्हतं.

पुढे सेक्रेटरीचा खांदा आखडला. नोटिसा उंचावर चिकटवून चिकटवून दुसरं काय होणार? तो 'तपासणी' करायला म्हणून मावशींकडे गेला आणि तीन आठवडे रोज तपासणी करत राहिला. त्याला मावशींनी दोन बोटं दिली होती, दुसऱ्यांच्या ठोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत मारायला. "तुम्हाला मधे मधे करायची सवय हाय ना, तेच करा," असं म्हणाल्या. खांदा सुटला. सुटलेल्या खांद्याने त्याने पहिलं काम काय केलं असेल? फळ्यावर नोटीस: 'सदनिका नऊमध्ये विनापरवाना दवाखाना चालत असल्याबाबत विशेष सभा. शुक्रवार, सकाळी दहा, गच्ची.' चिकटवताना पुन्हा कळ आली म्हणून त्याच संध्याकाळी मावशींकडे गेला. मावशींनी त्याचा व्यायाम घेतला, अर्धा कप चहा दिला आणि विचारलं, "मशीन जप्त करणार का?"

"नियम आहे," चहा पिऊन तो म्हणाला.

शुक्रवार. लूम बंद. सेक्रेटरीचं भाषण लोकांना ऐकू जावं म्हणून सभा नेहमी शुक्रवारीच असते. लोकांचं म्हणणं, लूम चालू असतात तेव्हाच ते भाषण चांगलं होतं. गच्चीवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या, सोसायटीचं पत्र्याचं टेबल, मागे पाण्याची टाकी. मावशी शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत पेटी. द्यायची तयारी करूनच आल्या होत्या. मी टाकीला टेकून उभा.

सेक्रेटरीने नियम वाचला. निवासी इमारतीत दवाखाना चालवता येत नाही.

"दवाखाना कुठाय?" जुबेदा खाला उठली. "सुई नाही, फी नाही, चिठ्ठी नाही. व्यायाम आहे नुसता. व्यायामाला परवाना लागतो का?"

"व्यायाम आहे हे कशावरून?"

"करून दाखवतो! ए सुनंदा, भाभी, उठा. दहा वाजलेच आहेत."

मागून मावशी ओरडल्या. मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "नको ग! आज शुक्रवार हाय! शुक्रवारी न्हाय करायचं!"

पण खाला एकदा सुरू झाली की तिचा नवराही तिला थांबवत नाही, आणि त्याला तर चोवीस लूम थांबवता येतात. तिने डाव्या अंगठ्याने पत्र्याच्या टेबलावर ठोका मारला. थांबून थांबून. घुमला. सुनंदाताईंनी स्टीलच्या डब्याच्या झाकणावर चटकन मारून सोडायला सुरुवात केली. भाभीने खुर्चीच्या पाठीवर नक्षी धरली. तिघी पहिल्यांदा एका जागी, पहिल्यांदा शांततेत.

दोन फेऱ्यांत तिघींचे तीन आवाज एकमेकांत असे जाऊन बसले जसा दागिना डबीत बसतो. खालाचा घुमारा, सुनंदाताईंची कडेची चाट, भाभीचे बोल. आणि सेक्रेटरी! हातात नियमांचं पुस्तक, तोंडाने 'शांतता राखा' चाललेलं, आणि दोन बोटं त्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर बरोबर रिकाम्या जागा भरतायत. त्याचं त्याला माहीत नाही.

मी मोजत होतो. सवयच लागली होती. चौदा, पंधरा, सोळा. आणि टाकीवर मारला एक, जोरात.

बाबांनो, ती सम होती.

तिथे ठेका पुरा झाला. जयंतीच्या मिरवणुकीतला, वडप्याच्या नाक्यावरचा, मावशींचा ठेका. एक माणूस वाजवायचा तो, पाच जण मिळून वाजवत होतो आणि पाचांनाही पत्ता नव्हता. टाकीतलं पाणी पुढच्या गल्लीपर्यंत हिंदकळलं असं मी सगळीकडे सांगतो. एवढं नसेल झालं.

मावशी उठून उभ्या राहिल्या. तोंडावर पदर. पेटीची पिशवी टेबलावर ठेवली आणि ठेका थांबला.

"खोटं बोलले मी," त्या म्हणाल्या. "डॉक्टर-बिक्टर कोण न्हाय बोललं. व्यायाम न्हाय हा. ढोलकी हाय. तुम्ही सगळे ढोलकी वाजवताय. घेऊन जा हे."

खालाने टेबलावरचा अंगठा उचलून गुडघ्यावर ठेवला. मग विचारलं, "मग माझा गुडघा?"

"तो तुझा तू बरा केलास."

"या अल्ला," खाला म्हणाली, आणि एवढी हसली की टेबल पुन्हा घुमलं. भाभी स्वतःच्या बोटांकडे बघत होती. "मतलब... मैं ढोलक बजा रही थी? मैं?"

सुनंदाताई म्हणाल्या, "मावशी, आता परत शिकवशील का न्हाय ते सांग. बाकीचं मरू दे."

आता सेक्रेटरीची पंचाईत बघा. दवाखाना म्हणावा तर त्याला बंदी, पण तो स्वतः पेशंट. वाद्य म्हणावं तर त्याला बंदी, पण त्याने स्वतः नियमांच्या पुस्तकावर वाजवलेलं, भर सभेत. बराच वेळ पेन चावून त्याने इतिवृत्तात लिहिलं: 'सदर प्रकार हा सभासदांचा सामुदायिक व्यायाम असल्याचे सर्वानुमते ठरले.' मावशींचं खोटं असं सरकारी शाईने खरं झालं. पिशवी त्याने स्वतः उचलून मावशींच्या हातात दिली. आखडलेल्या हाताने दिली, हे मला आवडलं.

त्यानंतर दर शुक्रवारी दहाला गच्चीवर व्यायाम. मावशी मध्ये बसायच्या. पेटी मांडीवर असायची, पण स्वतः कमी वाजवायच्या, ऐकायच्या जास्त. मी म्हणायचो, "मावशी, आता लपवायचं नाही, माळ्यावरची ढोलकी काढा की." त्या म्हणायच्या, "कशाला? तुम्ही हाय ना."

थंडीत मुलगी त्यांना कशेळीला घेऊन गेली. उन्हाळा लागायच्या आत मावशी गेल्या.

पंधरा दिवसांनी मुलगी घर आवरायला आली. मला बोलावून तिने ती पेटी हातात ठेवली. "आईने तुम्हालाच द्यायला सांगितलंय. म्हणाली, थापाड्याला दे."

"त्यांनी खोटं बोलून केवढी इमारत बरी केली," मी म्हणालो. काहीतरी बोलायला हवं म्हणून.

"खोटं कुठलं?" मुलगी म्हणाली. "डॉक्टरांनी खरंच सांगितलं होतं. हाताला कंप सुटला होता तिच्या. बोटांचा व्यायाम करा म्हणाले. म्हणून तर मी हे आणून दिलं."

"कधीची गोष्ट?"

"ढोलकी ठेवून दिली ना माळ्यावर, त्याच्या आधीची. थाप पडेनाशी झाली होती. नोटीस लागली तर म्हणाली, बरं झालं, कोणाला सांगायला नको."

मी पेटी चालू केली, हेडफोन लावले. बोट चौकोनाला नुसतं टेकलं, मारलंही नाही, तर कानात पूर्ण थाप पडली. मुलीने बाजूचं बटण दाखवलं. बोट किती हलकं लागलं तरी चालेल, ते त्याने ठरवता येतं. मावशींनी ते शेवटच्या खुणेपर्यंत नेऊन ठेवलं होतं.

मग मला तो अर्धा कप चहा कळला. कप भरला असता तर बशीत सांडला असता.

पाचांना पाच तुकडे का वाटले, तेही कळलं. त्यांच्या एकट्या हातांना आता तो ठेका पेलत नव्हता. आणि हेही, की भर सभेत मान खाली घालून त्या बाईने खरी गोष्ट खोटी म्हणून कबूल केली, म्हणजे हाताचं कोणी विचारू नये. मी जन्मभर थापा मारल्या, पण एवढी मोठी एकही नाही. त्या दिवशी धंदा सोडावासा वाटला मला.

सेक्रेटरीला मी हे सांगितलेलं नाही. मावशींची ढोलकी आपण बंद केली, या ओझ्याखाली तो दर शुक्रवारी सगळ्यांसाठी थर्मासमधून चहा आणतो. चहा चांगला असतो आणि कप भरून असतो.

अजून पुष्कळ सांगण्यासारखं आहे. पण आज शुक्रवार, लूम बंद आहेत, वर गच्चीवर खालाने टेबलावर अंगठा ठेवलेला दिसतोय. मला सोळा मोजायचेत. मोजताना माणसाला बोलता येत नाही.